बांध उभा राहिला, पाणी डाव्या काठातून पळालं

जांबोटीच्या वरच्या अंगाला, कणकुंबीच्या रस्त्यापासून जरा आत एक ओहोळ आहे. आषाढात तो ओलांडायची कुणाची छाती नसते, आणि शिमग्याला त्याच्याच पात्रात गुरं रवंथ करत बसलेली असतात. खानापूर तालुक्याच्या या पट्ट्यातलं हे जुनंच दुखणं आहे. पाऊस एवढा की छपरावरची कौलं शेवाळतात, आणि एप्रिलात विहिरीच्या तळाला हंडा टेकतो. याला कारण जांभा. वरून पडलेलं पाणी त्याच्या भोकांतून आत जातं आणि डोंगराच्या पायथ्याला झऱ्यांनी बाहेर पडून दिवाळीपर्यंत मलप्रभेला मिळतं. पुढे ते सौंदत्तीकडे नवीलतीर्थ धरणात जाऊन बसतं. आमच्या वाट्याला ते वाहतानाच अडवता आलं तर येतं.

आमच्या गटाचं काम तेच. गावातले शेतकरी, महिला संघाच्या बायका, युवक मंडळाची पोरं आणि रविवारी बेळगावहून येणारे कॉलेजचे काहीजण मिळून पोत्यांचे बांध घालतो. मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेमुळे याला वनराई बंधारा म्हणतात. इथं मात्र सगळे नुसतं बांधच म्हणतात.

ज्या रविवारची ही गोष्ट आहे, तो तुळशीचं लग्न झाल्यानंतरचा. वेळ मुद्दाम तीच धरायची. स्वातीचा पाऊस संपायच्या आत बांध घातला तर एका रात्रीच्या सरीत तो आडवा होतो. पौषापर्यंत थांबलं तर अडवायला पाणीच उरत नाही. त्या आठवड्यात आम्ही ओहोळाची धार मोजली होती. मातीचा छोटा आडवा बांध करून त्यातून पाईप काढायचा आणि खाली बादली धरायची. पंधरा लिटरची बादली पाच सेकंदांत भरत होती, म्हणजे सेकंदाला तीन लिटर. हा आकडा लिहून ठेवलेला असला की पुढे फार उपयोगी पडतो, ते येईलच.

जागा ओहोळ सरळ वाहतो तिथली घेतली. वळणावर बाहेरचा काठ पाणी खात असतं, तिथं बांध टिकत नाही. पात्र सरासरी बावीस फूट रुंद, दोन्ही काठ उंच, चढ शंभर फुटांत एक फूट. मधोमध तीन फूट पाणी अडवलं तर मागे तीनशे फुटांपर्यंत फुगवटा जातो. हिशोब केला तर साधारण दोन लाख ऐंशी हजार लिटर होतात. पण त्याआधी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली, कारण वरच्या बाजूला एकाचं भातशेत आहे आणि त्याच्या खाचरात पाणी शिरलं तर पुढची दहा वर्षं तो बांधाला हात लावू देणार नाही. जागा मालकीची आहे, मालकाची संमती घेतली, पंचायतीत कळवलं. फॉरेस्टच्या हद्दीत, त्यातून भीमगड अभयारण्याच्या बाजूला, परवानगीशिवाय कुदळ मारायची नाही हा आमचा नियमच आहे.

पोती तीनशे गोळा झाली होती. सिमेंटची जास्त, काही खताची. ती ओहोळात धुवायची नाहीत. सिमेंटच्या भुकटीने आणि युरियाने मासे मरतात. लांब रानात झटकायची, विटलेली आणि फाटलेली बाजूला काढायची. तशी तीस-पस्तीस निघाली.

भरण्याबद्दल दरवर्षी वाद होतो. नवीन पोरांना पोतं गच्च भरायचं असतं. गच्च भरलेलं पोतं गोल होतं, दुसऱ्यावर बसत नाही, मध्ये फट राहते. दोन तृतीयांशच भरायचं आणि तोंड दाभण-सुतळीने शिवायचं. सुतळीने नुसतं करकचून बांधलं तर शेंडी राहते आणि तिथंच पोकळी पडते. नीट भरलेलं पोतं पायाने दाबलं की दोन फूट लांब, सोळा इंच रुंद आणि सहा इंच जाड बसतं, वजन चाळीस किलोच्या आतबाहेर. भरायला पात्रातला गाळ-वाळू घेतो, पण बांधापासून वर वीसेक फूट अंतर सोडून. काठ पोखरून माती घ्यायची नाही, कारण त्याच काठावर बांधाचा खांदा टेकणार असतो.

सकाळी आठाला पायाला सुरुवात झाली. पात्रातली गोटे-वाळू काढून एक फूट खोल चर, मग त्यात चिकणमाती. आमचा सगळा भरवसा या मातीवर असतो. नुसती पोती पाणी अडवत नाहीत, ती मातीला धरून ठेवतात. पोत्यांच्या दोन भिंती, मध्ये सोळा इंच जागा, आणि त्या जागेत पायापासून माथ्यापर्यंत चिकणमाती. इथली लाल माती हाताला चिकटते म्हणून लोक फसतात. तिचा गोळा पाण्यात टाकला की थोड्या वेळाने ढासळतो. भाताच्या खोलगट खाचरातली, कौलाला चालते तसली माती लागते. खानापूरची कौलं आणि मडकी उगाच नावाजलेली नाहीत. खादी ग्रामोद्योग आयोगाने कुंभारकामाची संस्था इथंच काढली ती त्या मातीमुळेच. परीक्षा सोपी आहे. बोटाएवढी वळी करून तिचं कडं वळवायचं, तडा गेला नाही तर माती चांगली. दीड ब्रास, म्हणजे दीडशे घनफूट लागली, ट्रॅक्टरच्या दोन खेपा, दुसरी अर्धवट.

पोती आडवी नाहीत, लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवायची. शिवलेलं तोंड आतल्या, मातीच्या बाजूला. वरचा थर विटांसारखा सांधा सोडून. प्रत्येक थर झाला की मधली माती चार-चार इंच टाकून, ओली करून, धुमसाने ठोकायची. मधोमध सहा थर म्हणजे तीन फूट, दोन्ही खांद्यांवर सातवा, म्हणजे भरल्यावर पाणी मधूनच सांडेल आणि काठ कापणार नाही. सांडव्याच्या खाली पोत्यांची एक ओळ आणि मोठे गोटे. एकूण दोनशे चाळीसच्या आसपास पोती बसली. काम चालू असताना ओहोळाचं पाणी जावं म्हणून तळाला चार इंची पाईप घातला होता. त्याच्या भोवती चिकणमाती हाताने लिंपावी लागते, नाहीतर पाण्याला पाईपच्या बाहेरून सुरंग सापडतो.

दुपारी दोनला पाईपला टोपी बसवली. चहा झाला, चुरमुरे-कांदा झाला, फोटोही झाले. बेळगावची मंडळी चपला घालून निघायच्या तयारीत होती. इंचांच्या खुणा केलेली काठी पाण्यात रोवलेली होती. तीन लिटरच्या धारेने पहिला फूट भरायला साधारण तीन तास लागायला हवेत. सव्वातीनला आठ इंच झालं होतं, हिशोबात होतं. चारलाही आठच इंच.

संघातल्या एका मावशी काठीकडे बघून म्हणाल्या, "पाणी पळायलंय की वो. चढंना झालंय."

बांधाच्या खाली जाऊन बघितलं तर पाणी दोन ठिकाणी येत होतं. मधोमध गोट्यांतून झिरपत होतं, नितळ. आणि डाव्या काठाला, बांधाच्या खाली पाचसहा फुटांवर, जांभळीच्या मुळांतून धार लागली होती, लालभडक. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नितळ पाणी झिरपतं म्हणजे वाळूतून वाट काढतंय, चारआठ दिवसांत गाळ बसून ती वाट आपोआप कमी होते. गढूळ पाणी येतं म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय, दर मिनिटाला भोक मोठं होतंय. रात्रभर तसंच सोडलं असतं तर सकाळी बांध जागेवर, काठ गायब आणि ओहोळ बांधाला वळसा घालून गेलेला दिसला असता. पक्क्या सिमेंटच्या बंधाऱ्यांचंही असं होतं. खांदा काठात न घुसवता बांधलेला एक बंधारा याच भागात उभा आहे, मधोमध कोरडा, आणि पाणी बाजूने.

पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात एकच येतो, जिथून पाणी बाहेर पडतंय तिथं बोळा कोंबा. दोघं माती घेऊन धावलेही. त्यांना थांबवलं. बाहेरचं तोंड बंद केलं की पाणी आत तुंबतं, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फुटतं. बुजवायचं ते नेहमी पाणी शिरतं त्या बाजूने. मग ते शिरतं कुठून ते शोधायला हवं. गिरणीतून भाताचं तूस आणलं आणि वरच्या बाजूला काठाकाठाने पाण्यावर पसरलं. बाकी सगळीकडे ते संथ तरंगत राहिलं. डाव्या काठाला बांधापासून हातभर अंतरावर मात्र त्याची भोवरी फिरायला लागली आणि दाणा-दाणा आत ओढला जाऊ लागला. खात्रीसाठी तिथंच मूठभर काव कालवून सोडली. थोड्या वेळाने खालची धार आणखी लाल झाली, मधली नितळच राहिली. वाट पक्की कळली.

ते कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं बीळ होतं. आठ इंचांवर पाणी का अडलं तेही तिथंच उलगडलं, बिळाचं तोंड नेमकं त्या उंचीवर होतं. बांबूची बारीक काडी घातली तर तीन फूट आत गेली आणि वाकली. उजवा खांदा आम्ही दोन फूट काठात घुसवला होता. डावीकडेही चर तेवढाच होता, पण जांभळीचं मोठं मूळ आडवं असल्यामुळे त्याच्या मागचा भाग कुदळीने उघडला गेला नव्हता, आणि कुर्ल्यांना नेमकी अशीच जागा आवडते. मूळ तोडून चर करायचा की झाड राखायचं यावर थोडी बाचाबाची झाली. झाड काठ धरून आहे, ते तोडलं तर पुढच्या पावसात काठच जाईल. मूळ ठेवून त्याच्या वरच्या बाजूने चर घ्यायचं ठरलं.

टोपी काढली. पाऊण तासात पाणी उतरलं. डाव्या टोकाची पोती उचलून बाजूला ठेवली आणि काठ फूटभर रुंद, बिळाच्या मागे लागून घट्ट माती लागेपर्यंत खणला. बिळाचं नुसतं तोंड बुजवून चालत नाही, कुर्ली दुसऱ्या रात्री ते उघडते. दोन भल्यामोठ्या निघाल्या. त्या रात्री कुणाच्या कालवणात गेल्या ते इथं सांगत नाही. आतला भुसभुशीत भाग पूर्ण काढून पुन्हा चिकणमाती, चार इंचांचा थर, पाणी शिंपडून धुमस, पुन्हा थर. मुळाच्या पोटाखाली धुमस पोचत नाही, तिथं मातीचे गोळे मुठीने दाबत बसावं लागलं. एकाच माणसाचा हात जाईल एवढीच जागा होती, म्हणून आळीपाळीने. अंगठ्याने खड्डा पडेनासा होईपर्यंत दाबायचं. मग पोती परत बसवली, या वेळी काठात शिरलेली.

बाहेरच्या तोंडाशी बोळा नाही, गाळणी केली. आधी जाडी वाळू, त्यावर बारीक खडी, वर गोटे. पाणी आलंच तर येऊ दे, माती मात्र आतच राहावी. हे उलट वाटतं, म्हणून लोक ते करत नाहीत.

सातला बॅटरीच्या उजेडात टोपी पुन्हा बसली. सोमवारी सकाळी सातला काठीवर पावणेदोन फूट होतं. तीन लिटरच्या धारेने बारा तासांत दोन फुटांच्या वर जायला हवं होतं. म्हणजे सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास अजून झिरपत होतं, पण सगळं नितळ, मधल्या गोट्यांतून. त्याला हात लावला नाही. उलट वरच्या बाजूला पायाशी बारीक गाळ ढवळून सोडला, तो पाण्याबरोबर जाऊन फटींत बसतो. मंगळवारी पहाटे सांडव्यावरून पाणी पडायला लागलं. खालच्या दोन शेतकऱ्यांना बांध भरेपर्यंत थांबायला सांगितलं होतं, तेही त्याच वेळी बघायला आले. पाणी पडताना दिसल्यावर त्यांची कुरबूर मिटली.

आता डाव्या काठावर वाळा लावलाय आणि दर रविवारी कुणीतरी दोन्ही खांद्यांवरून चालत नवीन बिळं बघतं. ताज्या मातीची लहान ढेकळं बाहेर पडलेली दिसली की ती कुर्ली जागी आहे, तिथं लगेच काठी घालायची. पोत्यांवर गवत किंवा झावळ्या टाकायच्या, नाहीतर उन्हाने फेब्रुवारीतच ती चुरचुरायला लागतात. आणि मेच्या शेवटी, वळीव सुरू व्हायच्या आत, बांध काढायचा. पोत्यांची शिवण कापून वाळू पात्रात पसरायची, रिकामी पोती मोजून वर आणायची. जेवढी घातली तेवढीच निघाली पाहिजेत, एकही कमी असेल तर त्याच्या चिंध्या मलप्रभेत गेल्या समजायच्या. पन्नासेक पोती दुसऱ्यांदा चालतात, ती शाळेच्या पडवीत ठेवायची. उरलेल्यांसाठी गणपती झाले की गावात घर बांधणाऱ्यांना सांगून ठेवायचं, सिमेंटची पोती फाडून उघडू नका, शिवण उसवून उघडा.