"हा आमचा संबळ नव्हं"

घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. लातूरला माझा छोटा स्टुडिओ आहे, तिथं तुळजापूरकडचे एक म्हातारे गोंधळी आणि त्यांचा पुतण्या रेकॉर्डिंगला आले होते, संबळ, तुणतुणं, झांज सगळं घेऊन. माइक लावून झाले आणि पहिला टेक घेणार तेवढ्यात लाईट गेली. यूपीएसवर माझा कॉम्प्युटर दहा मिनिटं तग धरतो, त्यात गोंधळ कसा बसणार. पण एमपीसी लाइव्ह, म्हणजे माझी बीट बनवायची मशीन, बॅटरीवर चालते, एरवी तिच्यावर बीट बनवून क्युबेसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो, म्हटलं आज हिच्यातच रेकॉर्ड करू. छोटा मिक्सर पॉवरबँकला लावला, डाव्या चॅनलला संबळ, उजव्याला आवाज आणि तुणतुणं. क्लिक, म्हणजे लय धरायला कानात वाजणारी टिकटिक, दिलीच नाही. गोंधळाची लय चढत जाते, तिला एका टेम्पोत बांधलं की जीवच जातो तिचा. ८ मिनिटांचा टेक एका दमात झाला, आणि एसी-पंखे बंद असल्यानं लई स्वच्छ आला.

दोन तासांनी लाईट आली, फाईल क्युबेसमध्ये घेऊन लावली. म्हाताऱ्या गोंधळीबाबांनी दोन ओळी ऐकल्या अन् हात वर केला. "थांबव लेकरा. हा आमचा संबळ नव्हं. अन् तुणतुण्याची तार एवढी कुणी ताणली?"

मला तर नुसतं जोरात वाजल्यासारखं वाटलं होतं. मग लांबी बघितली, टेक ७ मिनिटं २१ सेकंदांत संपत होता! एमपीसी ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करते, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेते, माझा क्युबेसमधला प्रोजेक्ट होता ४८ चा, आणि फाईल घेताना कन्व्हर्ट करायचं मी घाईत सोडून दिलं होतं. तेवढ्यानं सगळं नऊ टक्के जास्त वेगानं पळतं आणि सूर चढून हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडतो. संबळाच्या मोठ्या भांड्याचा घुमाराच गेला होता, बाबांनी तो दोन ओळींत धरला. कन्व्हर्ट करून परत लावलं, बाबा डोळे मिटून पूर्ण ८ मिनिटं ऐकत बसले.

पुढचं काम रात्री, टेकखाली एमपीसीची किक, म्हणजे बीटमधला जड ठोका, घालायचं. संबळाची प्रत्येक सम हातानं शोधून क्युबेसमध्ये टेम्पो ट्रॅक, म्हणजे कुठं किती लय आहे त्याचा नकाशा, बसवला, म्हणजे कॉम्प्युटर बाबांच्या मागं चालणार, आणि त्याच्या मिडी क्लॉकवर, म्हणजे मशीनला लय सांगणाऱ्या सिग्नलवर, एमपीसी लावली. हे क्लॉक एका बीटला २४ टिक पाठवतं, लय हळूहळू चढते तिथं मशीन बरोबर मागं येते, किक थोडी उशिरा पडत होती ती मिलिसेकंदांत पुढं ओढली. पण शेवटी बाबा एकदम उसळतात ना, तिथं मात्र किक संबळाला घासायलीच, कितीही सरकवली तरी. पहाटे तीनला त्या ३० सेकंदांतली किक काढून टाकली, तिथं आता नुसता संबळ आहे.