उतारावर तापणारे ब्रेक आणि ‘दोष आढळला नाही’

‘तपासणी केली, दोष आढळला नाही.’ गॅरेजच्या बिलावरची ही ओळ आता कुठेही दिसली तरी माझं डोकं फिरतं. दोष होता. मोटरहोमच्या, म्हणजे आमच्या चालत्या घराच्या मागे जोडून ओढलेल्या छोट्या गाडीचे ब्रेक प्रत्येक लांब उतारावर लागलेलेच राहत होते. दुरुस्ती शेवटी अगदी किरकोळ निघाली, पण दोष आहे हे मान्य करून घेण्यातच सगळा जीव गेला. मोटरहोममागे गाडी ओढणाऱ्या कुणाचे तरी पॅड, डिस्क आणि मनस्ताप वाचावा म्हणून सविस्तर लिहितेय.

जोडणीचं काम विनातक्रार झालं. चारही चाकं जमिनीवर ठेवून ही गाडी ओढता येते असं तिच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं होतं. (हे सगळ्यात आधी बघा. सगळ्या गाड्या तशा ओढता येत नाहीत, गिअरबॉक्स जातो.) बेसप्लेट (गाडीच्या पुढच्या बाजूला बसणारा जोडणीचा सांगाडा), टो बार (दोन्ही वाहनं जोडणारा दांडा), सेफ्टी चेन, दिव्यांची वायर, सगळं नीट बसलं.

मग ब्रेक. एवढं अवजड मोटरहोम, त्याला मागच्या छोट्या गाडीचं काय ओझं, असं बरेच जण म्हणतात. पण मोटरहोमचे ब्रेक साधारणपणे त्याच्या स्वतःच्या भरलेल्या वजनाच्या हिशेबाने बनवलेले असतात. अमुक वजनाच्या पुढे ओढायच्या वाहनाला स्वतःचे ब्रेक हवेत, असं चॅसी बनवणारेही बऱ्याचदा लिहून देतात. अमेरिकेत कायदा राज्यागणिक बदलतो. कितीतरी राज्यांत ३००० पौंडांच्या वर, तर काही ठिकाणी १५०० पौंडांपासूनच ब्रेक सक्तीचे आहेत. आमची गाडी रिकामी असतानाच ३००० च्या पुढे जाते, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

ओढलेल्या गाडीचे ब्रेक आपोआप दाबणाऱ्या वेगवेगळ्या रचना मिळतात. आम्ही घेतली ती उचलून ठेवता येणारी पेटी. ड्रायव्हरच्या सीटसमोर पायाशी ठेवायची, मागून सीटचा टेकू द्यायचा आणि तिचा दांडा ब्रेकच्या पेडलला अडकवायचा. आत वेग कमी होतोय हे ओळखणारा सेन्सर असतो. आमच्या पेटीला दोन गोष्टी एकदम लागतात: मोटरहोमच्या ब्रेकदिव्याचा सिग्नल, आणि वेग उतरल्याची सेन्सरला लागलेली चाहूल. दोन्ही मिळालं तरच ती पेडल दाबते. नुसत्या खड्ड्याने ब्रेक लागू नये म्हणून ही दुहेरी खात्री. पेडल दाबलं गेलं की मोटरहोमच्या डॅशबोर्डवर एक छोटा लाल दिवा लागतो.

पहिल्याच मोठ्या घाटात तो दिवा लागला आणि खाली पोचेपर्यंत लागलेलाच राहिला. माझा पाय ब्रेकवर नव्हता. खालच्या गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा, पायाच्या ब्रेकहून वेगळा) लावून, सावकाश उतरत होते. पायथ्याशी मोकळी जागा बघून थांबलो तर छोट्या गाडीभोवती जळका वास. चाकाच्या आऱ्यांमधून डिस्क दिसते, तिच्यावर निळसर-जांभळे पट्टे उमटले होते. मोटरहोमचं इंजिन इतकं ताकदवान असतं की मागची गाडी ब्रेक लावून फरफटत आली तरी स्टेअरिंगवर बसलेल्याला पत्ता लागत नाही. तो दिवा आणि तो वास, एवढंच काय ते कळायचं साधन.

आमच्याकडे लांबून तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक असते. पुढच्या दोन्ही डिस्क मागच्यांपेक्षा कितीतरी गरम, पण डावी-उजवी जवळजवळ सारखी. ही तुलना फार कामाची आहे. एकच चाक तापलं असेल तर त्या चाकाचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलेला असण्याची शक्यता. फक्त मागची दोन तापली असतील तर बहुतेक हँडब्रेक ओढलेला राहिला. पुढची दोन्ही सारखी तापली असतील तर पेडलच दाबलं जातंय असं समजा. म्हणजे आमच्याकडे पेटी पेडल दाबत होती, दिवाही तेच सांगत होता. गॅरेजमध्ये हे सांगितलं की काम होईल, असं मला वाटत होतं.

आधी गाडीच्या डीलरशिपमध्ये गेलो, कारण पॅड तर बदलायलाच हवे होते. तिथला माणूस ओडोमीटर बघून म्हणाला, इतक्या कमी मैलांत पॅड संपत नाहीत, तुम्ही पाय ब्रेकवर ठेवून चालवत असणार. इग्निशन बंद ठेवून ओढलेले मैल आमच्या गाडीच्या ओडोमीटरवर चढतच नाहीत, हे मी त्याला समजावलं. त्याने मान हलवली आणि लिहिलं ‘चालवण्याची पद्धत’. वॉरंटी नाकारली, पॅड आणि डिस्कचे पैसे आमच्या पदरचे. ब्रेक ऑइल बदला हे मलाच सांगावं लागलं. ते हवेतली ओल शोषतं आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअस सोसतं, ओल शिरलेलं मात्र १४० च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. इतक्या तापलेल्या ब्रेकमध्ये जुनंच ऑइल ठेवायला मी तयार नव्हते.

मग ज्यांनी पेटी बसवली त्यांच्याकडे. काउंटरवर फॉर्म दिला. त्यात रकाना होता ‘त्रास कधी जाणवतो?’ आणि पुढे पर्याय: सुरू करताना, थांबताना, सतत. उताराचा पर्यायच नाही. मी बाजूच्या कोऱ्या जागेत स्वच्छ अक्षरात लिहिलं: फक्त लांब उतारावर, माझा पाय ब्रेकवर नसताना. कॉम्प्युटरमध्ये चढवताना त्याचं ‘ब्रेक तापतात’ एवढंच उरलं. आत गाडी सपाट फरशीवर उभी होती. एकाने मोटरहोमचा ब्रेक दाबला, दुसऱ्याने पेटी हाताने चाचणीवर टाकली, पेडल दाबलं गेलं, सुटलं. झालं. तास न् तास बसवून ठेवून हातात बिल: तपासणी केली, दोष आढळला नाही. मी दिव्याचं सांगितलं तर उत्तर आलं, दिवा लागतो म्हणजे पेटी चालते आहे, चांगलंच की! पेटी चालते हे मलाही दिसत होतं. नको तेव्हा का चालते, एवढंच विचारत होते.

तिथून मोटरहोमच्या वर्कशॉपमध्ये. त्यांनी ब्रेकदिवे बघितले, सगळे लागतात म्हणाले, आणि मागच्या गाडीत आम्ही हात घालत नाही म्हणून मोकळे झाले. पेटीवाले म्हणणार गाडी बघा, गाडीवाले म्हणणार पेटी बघा, मोटरहोमवाले म्हणणार आमचं काही नाही. या टोलवाटोलवीचा मला ब्रेकपेक्षा जास्त राग आला. प्रत्येकाने आपापला तुकडा उभा करून तपासला. तिन्ही तुकडे जोडून उतारावर कुणीच नेले नाहीत, आणि दोष फक्त तिथेच होता.

शेवटी आम्हीच छडा लावला. नवऱ्याने छोटी गाडी सोडवून घेतली आणि मी मोटरहोमने उतरत असताना तो मागून आला. खाली पोचल्यावर पहिलं वाक्य: तुझे ब्रेकदिवे पूर्ण उतारभर लागलेले होते. माझा पाय तर ब्रेकवर नव्हता. म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक लागला की दिवे लागत होते. त्यात चूक काही नाही. मागच्या वाहनाला कळावं म्हणून कितीतरी डिझेल मोटरहोममध्ये तशीच वायरिंग असते. पण पेटीला त्याच तारेतून सिग्नल जात होता. झाली पहिली अट पुरी.

दुसरी अट उतारानेच पुरी केली. पेटीतला सेन्सर सपाट रस्त्यावरचा ब्रेक आणि उतार यात फरक करू शकत नाही. डॅशबोर्डवर ठेवलेला फोन ब्रेक मारल्यावर पुढे सरकतो, तसाच तीव्र उतारावरही सरकतो. सेन्सरला दोन्ही सारखंच जाणवतं. ७ टक्क्यांचा उतार असेल तर वेग अजिबात कमी न होताही सेन्सर ०.०७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ७ टक्के) इतका ब्रेक लागल्याचं धरतो. त्यात एक्झॉस्ट ब्रेकची खेच मिळाली की पेटीच्या दृष्टीने मी सतत ब्रेक मारतेय. दोन्ही खात्र्या एकाच वेळी फसत होत्या. आणि उभ्या गाडीत एक्झॉस्ट ब्रेक लागतच नाही, त्यामुळे फरशीवरच्या तपासणीत हे जन्मात सापडलं नसतं.

हे सगळं एका कागदावर लिहून, सोबत डॅशबोर्डवरच्या दिव्याचा व्हिडिओ घेऊन पुन्हा मोटरहोमच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि हटून बसले की कुणीतरी माझ्याबरोबर उतारावर चला. आधी नियम सांगितले, चाचणी फक्त आसपासच्या रस्त्यावर होते वगैरे. मी उठले नाही. शेवटी त्यांचा एक जुना वायरिंगवाला तयार झाला. उतारावर मी एक्झॉस्ट ब्रेक लावला, पाय मागे घेतला. त्याने लाल दिव्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, आणि वाद संपला. त्याच दुपारी त्याने फक्त पायाने चालणाऱ्या ब्रेकच्या स्विचपासून एक वेगळी तार काढली आणि पेटीचा सिग्नल त्यावर घेतला. मागचे दिवे एक्झॉस्ट ब्रेकला पूर्वीसारखेच लागतात, पेटी मात्र पाय पडल्यावरच हलते. सेन्सरची संवेदनशीलताही एक पायरी उतरवली. तोच घाट पुन्हा उतरलो, दिवा बंद. खाली डिस्क मोजल्या आणि जीव भांड्यात पडला. त्याने बिलावर दोष काय होता ते दोन ओळींत लिहून दिलं, ते बिल मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावलंय.

तुमच्याकडे डिझेल मोटरहोम असेल तर पेटी बसवतानाच विचारा: एक्झॉस्ट ब्रेकला ब्रेकदिवे लागतात का, आणि पेटीचा सिग्नल कुठून घेतलाय? ‘बघतो’ म्हटलं तर समोर बघायला लावा.

आता आठवेल तसं बाकीचं. पेटी ठेवण्याआधी गाडीचं इंजिन बंद करून ब्रेकचं पेडल चांगलं कडक होईपर्यंत दाबत राहा. बूस्टरमध्ये, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागात, व्हॅक्यूम उरलेला असतो. तो तसाच राहिला तर पेटीचे पहिले एकदोन दाब फार जोरात बसतात आणि चाकं जाम होऊ शकतात. काही हायब्रिड आणि नव्या गाड्यांत बूस्टर विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही मदत करतो. तिथे साधी पेटी तशीच ठेवू नका, त्या गाडीसाठी कोणती रचना चालते ते बनवणाऱ्याला विचारा.

सीट पेटीला घट्ट टेकवताना पेडल जरासुद्धा दाबलं जात नाही ना, हे बाहेर उभं राहून गाडीच्या ब्रेकदिव्याकडे बघून ठरवा. पण दिवा विझलेला आहे म्हणजे पॅड सुटलेत असं नाही, म्हणून थोडं अंतर जाऊन डिस्क मोजा. ही सवय आम्ही प्रत्येक थांब्यावर ठेवलीय.

बॅटरी! पेटी गाडीच्या बॅटरीवर चालते, वर पेडल दाबलं की गाडीचे स्वतःचे ब्रेकदिवेही बॅटरी खातात, आणि स्टेअरिंग मोकळं राहावं म्हणून काही गाड्यांत किल्लीही अर्धी फिरवलेली असते. मोटरहोममधून चार्जिंगची तार घ्या, फ्यूज लावून. बॅटरी बसली तर पेटी मुकाट्याने बंद पडते आणि तुम्हाला वाटतं ब्रेक आहेत.

ज्या गाड्यांना बटणाचा हँडब्रेक आहे त्यांतल्या काहींचा इंजिन बंद केल्यावर आपोआप लागतो. निघण्याआधी दोन मीटर ओढून चाकं फिरतात का ते एकाने खाली उतरून बघायचंच.

लांब उतारावर पाय ब्रेकवर टेकवून ठेवू नका. ठरवलेल्या वेगाला पोचलात की ठाम दाबून ताशी ५ मैल कमी करा, मग पूर्ण सोडा, म्हणजे पेटीही पूर्ण सुटते.

ओढलेले मैल वहीत लिहा. ओडोमीटर तुमच्या बाजूने साक्ष देत नाही, आणि सर्व्हिसिंगची वेळही त्यावरून कळत नाही. डीलरशिपमध्ये आता मी आधी वही पुढे करते.

आणि गाडी तुटून सुटली तर पिन ओढून तिचे ब्रेक आपोआप लावणारी जी दोरी असते, ती मोटरहोमच्या चॅसीलाच बांधा, टो बारला नाही. टो बारच निसटला तर दोरीही त्याच्याबरोबर जाईल आणि पिन ओढलीच जाणार नाही. वळणावर ताणली जाणार नाही इतकी ती सैल हवी. अधूनमधून पिन हाताने ओढून बघा, पेडल खाली गेलं पाहिजे. बघून झाल्यावर पिन परत पूर्ण आत बसवा, नाहीतर ब्रेक लावूनच निघाल.