आज्जाचा रंधा : पातं लागलं, खोड बाकी

जांबोटीच्या घरातून आणलेल्या आज्जाच्या हत्यारांपैकी रंधा कामाला लागला. सागाच्या फळीवर अखंड, पातळ साल निघाली. बाबा बाजूलाच होते, त्यांनी ती उचलून उजेडात धरून बघितली.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिम भागातला पाऊस लोखंडाला सोडत नाही. पातं पार तांबेरलेलं होतं. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं, सकाळी तारेच्या ब्रशनं घासलं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच पुसून तेल लावलं. गंज उतरल्यावर धारेच्या वर एक आडवी रेघ दिसायला लागली. जुनी बरीच पाती अशीच असतात : अंग मऊ लोखंडाचं आणि धारेकडं भट्टीत जोडलेली पोलादाची पट्टी. आता या पात्यात जेमतेम इंचभर पोलाद उरलंय. बाकीचं पणजोबांनी आणि आज्जानं दगडावर घासून, कामात संपवलं. मला या पात्यातलं सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर ते हे कमी झालेलं पोलाद.

म्हणून ग्राइंडरला लावलं नाही. कोरड्या चाकावर तापून धार निळी पडली की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, आणि तेवढा भाग कापून टाकावा लागतो. इथं टाकायला पोलाद आहे कुठं? काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासलं : आधी ४०० चा, मग १०००, शेवटी १५००. उतार २५ अंशांचा ठेवला. मागची बाजू आधी सपाट करा, ती नीट नसेल तर धार टिकत नाही.

खोडावर, म्हणजे रंध्याच्या लाकडी अंगावर, अंगठ्यानं झिजून पडलेली खळगी आहे, पण उजव्या बाजूला; उजव्या हातानं धरला तर अंगठा डावीकडं येतो. बाबांना विचारलं. "आज्जा डावरा होता की तुझा," म्हणाले. मला हे माहीतच नव्हतं. एका ओळखीच्या मेस्त्रींनी खोड तासून नवं करून देतो म्हटलं होतं, मी नको म्हटलं. तळ तेवढा सपाट करणार, वर फक्त जवसाचं तेल. ज्यांच्याकडं घरची हत्यारं आहेत त्यांनी मुठीला पॉलिश पेपर लावू नका, एवढं मनापासून सांगतो.

पातं धरून ठेवणारी लाकडी पाचर पावसात फुगून घट्ट बसते, म्हणून खोडाचं काम उन्हाळ्यातच उरकायचं आहे. त्यानंतर पटाश्या. त्यातल्या दोघींच्या मुठी फुटल्यात, बाभळीच्या नव्या करायच्या आहेत, आणि त्या याच रंध्यानं तासणार.