गुडघाभर पाण्यातली गरी: अरान्सस पासचे दोन दिवस

मागच्या ऑक्टोबरात ह्यूस्टनहून टेक्ससच्या किनाऱ्यावरच्या अरान्सस पास गावाला दोन दिवस मासे गरवायला गेलो होतो, त्यानंतर तीन-चार जणांनी विचारलं की नक्की कुठे गेलात, सामान काय लागतं, लायसन्सचं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी मूळचा मालवणचा, कोळंबच्या खाडीत आजोबांच्या होडीत बसून गरी टाकत मोठा झालो. त्यामुळे इथे आल्यावर पहिली काही वर्षं गॅल्व्हेस्टनच्या जेटीवर कोळंबी लावून बसायचो आणि शिंगाळे पकडून घरी यायचो. इथले लोक त्याला हार्डहेड म्हणतात आणि शिव्या देऊन परत टाकतात. काटा लागला की तसाच ठणका, गावचाच अनुभव.

या वेळी गेलो ते बॅक बेमध्ये. बॅक बे म्हणजे काय तर टेक्ससच्या किनाऱ्याला समांतर लांबच लांब वाळूची बेटं आहेत, त्यांच्या आत जे उथळ खारं पाणी अडकतं ते. बरंचसं गुडघा ते मांडीभर, खाली समुद्री गवत, मध्ये कालवांचे खडक. आम्ही गेलो ती जागा लाइटहाउस लेक्स, अरान्सस पासहून पोर्ट अरान्ससला जाणाऱ्या ३६१ नंबरच्या रस्त्यालगत. कायाक (वल्ह्याची अरुंद छोटी होडी) सोडायला रस्त्याच्या कडेलाच जागा आहे, गाडी तिथेच लावायची. पलीकडे काळ्या खारफुटीचं जंगल आणि त्यात पाण्याच्या गल्ल्या, नंबर लिहिलेले खांब रोवलेत म्हणून वाट सापडते. लांबवर लायडिया ॲनचा दीपस्तंभ दिसतो, १८५७ सालचा, पण खासगी आहे तेव्हा लांबूनच बघायचा. खारफुटी जरा खुजी वाटेल, २०२१ च्या फेब्रुवारीतल्या गोठवणाऱ्या थंडीत इथली बरीच मेली. त्याच थंडीत टेक्ससच्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेल्याचा सरकारी अंदाज आहे. हे लक्षात ठेवा, पुढे ट्राउट माशाचा नियम सांगतो तेव्हा कामाला येईल.

बरोबर माझा मेव्हणा होता, डॅलसचा. त्याने आयुष्यात मासा फक्त ताटात बघितलेला, पण सामान माझ्यापेक्षा भारी. ह्यूस्टनहून व्हिक्टोरियामार्गे साधारण साडेतीन तास, आम्ही शुक्रवारी रात्री पोचलो. मोटेलच्या खोलीत अकरा वाजता मी लीडर (दोऱ्याच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा) बांधत बसलो, डोळे मिटत होते, आणि इथेच पहिली चूक झाली, ती पुढे येईल.

शनिवारी पहाटे साडेसहाला पाण्यात. ऑक्टोबरात तिथे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे अंधारच, तेव्हा कायाकवर पांढरा दिवा आणि शिट्टी लागते, लाइफ जॅकेट तर लागतंच. सुरुवातीलाच अरान्सस चॅनल ओलांडायचा असतो आणि त्यातून बोटी भसाभस जातात. रस्ता क्रॉस करतो तसं दोन्हीकडे बघायचं आणि सरळ रेषेत पटकन पलीकडे जायचं, मध्येच थांबून फोटो काढू नका (मेव्हण्याने काढला).

आत शिरलो आणि काय सांगू, बोय उड्या मारतायत, गुलाबी स्पूनबिल पक्षी चिखलात चोच फिरवतायत, पाणी काचेसारखं. आम्ही टाकायला सुरुवात केली. दोन तास काही नाही. म्हणजे मासे होते, दिसत होते, पंधरा-वीस हातांवर पाण्याला फुगवटा यायचा आणि तो बाणासारखा लांब पळायचा. रेडफिश. दरवेळी आम्ही जवळ गेलो की फुगवटा सुटला. मेव्हणा म्हणाला भाऊजी, हे मासे आपल्याला ओळखतात. तेवढ्यात त्याचा गळांचा प्लास्टिकचा डबा कायाकच्या तळावर धाडकन पडला आणि खांबापलीकडून एकदम सात-आठ फुगवटे फुटले. तेव्हा माझी ट्यूब पेटली. आजोबांच्या होडीत पाय आपटला की ते वल्ह्याने बरगडीत ढोसायचे, तोंडाने बोल हवं तेवढं पण लाकूड वाजवू नकोस म्हणायचे. फूटभर पाण्यात प्लास्टिकची कायाक म्हणजे ढोल आहे ढोल. वल्हं कडेला लागलं, बाटली खाली ठेवली, बसल्या बसल्या कूस बदलली, सगळं त्यांना ऐकू जातं. तर पहिला सल्ला हाच, आत गेल्यावर योगा मॅटचा तुकडा कायाकच्या तळाला अंथरा, डबा पायाखाली ठेवू नका, आणि मासे दिसायला लागले की काठी चिखलात रोवून कायाक बांधा आणि उतरून चाला.

चालायचं म्हणजे पाय उचलून नाही, घासत घासत. चिखलात पाकटं बसलेली असतात, पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारतात, घासत गेलात तर आधीच उठून जातात. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा. बूट घोट्यापर्यंतचे, जाड तळाचे. मेव्हणा रबरी चपला घालून आलेला, दहा पावलांत एक चपला चिखलाने गिळली, ती अजून तिथेच आहे, आणि तळव्याला कालवाची धार लागली. हे हसण्यावारी नेऊ नका, कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचा जंतू असतो आणि उघड्या जखमेतून तो जिवावर बेतू शकतो, मधुमेह किंवा लिव्हरचा त्रास असेल तर फारच. जखम असेल तर पाण्यात उतरू नका, तिथे झाली तर लगेच बाहेर या, गोड्या पाण्याने साबण लावून धुवा. त्याला मी गाडीत बसवला, पट्टी बांधली, आणि बाकीचा दिवस तो किनाऱ्यावरून सूचना देत होता.

मी परत आत गेलो. दुपारी एका गल्लीच्या तोंडाशी सोनेरी चमचा (माशाला फसवायचा चमकता धातूचा तुकडा, गळासकट) टाकला, दोन फिरक्या मारल्या आणि रॉड वाकला तो वाकलाच. रीलमधून दोरा असा सूं सूं निघाला की बोट लावायची सोय नाही. पंधराएक सेकंद, मग एकदम सैल. ओढून बघितलं तर चमचा गेला, लीडर गेला, आणि ब्रेडच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखी वळी. गाठ सुटली होती. रात्री अकराला डोळे मिटत बांधलेली एफजी गाठ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्रेड म्हणजे विणलेला दोरा, बारीक आणि मजबूत, पण कालवावर घासला की लगेच तुटतो, म्हणून पुढे दोन-अडीच फूट फ्लुरोकार्बनचा जाड लीडर जोडतात. एफजी गाठ सगळ्यात सडपातळ, रॉडच्या कड्यांतून सुळकन जाते, पण नीट आवळली नाही तर अशी घसरते. नवीन असाल तर डबल युनी बांधा, जरा जाडी आहे पण अंधारातही जमते. आणि बांधल्यावर हाताला फडकं गुंडाळून जोर लावून ओढून बघा, हातात सुटलेली बरी.

सामानाचं विचारताय तर माझ्या मते एवढं पुरे. सात फुटी मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड, ३००० साइझचं रील, १५ पाउंडी ब्रेड, २० पाउंडी लीडर. जिगहेड, म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ, एक अष्टमांश औंसाचं, जास्त जड घेतलंत तर गवतात रुतेल. त्यावर तीन-चार इंची रबरी मासा, शेपूट हलणारा. गवत दाट असेल तिथे गळाचं टोक रबरात लपवून लावायचं किंवा गवत न अडकणारा सोनेरी चमचा. बस. मेव्हण्याकडे ४० प्रकारचे रबरी मासे होते, आम्ही तीन वापरले. पैसे घालायचेच असतील तर पोलराइज्ड चष्म्यात घाला, तांबूस काचेचा घ्या, तो नसेल तर तुम्हाला फक्त आकाशाचं प्रतिबिंब दिसेल आणि मासे पायाजवळून जातील. पायडलची कायाक भाड्याने घ्यायचा मोह होतो, पण उथळात तिच्या पात्यांत गवत अडकतं आणि दर पाच मिनिटांनी पाती वर घ्यावी लागतात, साधं वल्हं बरं. मोटरबोटवाल्यांनी तर जपूनच, इथल्या रेडफिश बेमध्ये बोटीच्या पंख्याने गवत उपटणं २००६ पासून गुन्हा आहे.

शनिवारी संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला आणि रविवारी सकाळी बघतो तर पाणीच नाही! इथे आपल्यासारखी भरती-ओहोटी नाही, आपल्याकडे दोन मीटरचा फरक सहज पडतो, इथे जेमतेम फूटभर. त्यामुळे भरतीच्या तक्त्यापेक्षा वारा बघायचा. दक्षिणेचा वारा पाणी आत ढकलतो, थंडीची लाट घेऊन येणारा उत्तरेचा वारा ते बाहेर काढतो, आणि काल जिथे मांडीभर होतं तिथे आज चिखल. मी मूर्खासारखा कालच्याच वाटेने गेलो आणि कायाक रुतली, पाऊण तास चिखलातून ओढत होतो, पोटरीपर्यंत आत. म्हणून अशा दिवशी निघण्याआधी परतीची वाट बघून ठेवा, आणि दुपारी पाणी वाढेल असं धरून आत खोल जाऊ नका. वारा ताशी १५ मैलांच्या वर असेल तर कायाक काढूच नका, झोपा.

पण पाणी उतरण्याचा एक फायदा, मासे पसरायला जागा उरत नाही. दहाच्या सुमाराला वारा पडला, ऊन पाठीशी घेतलं (हे महत्त्वाचं, समोर ऊन असेल तर काही दिसत नाही) आणि एका खोलगट घळीच्या कडेने घासत घासत चाललो. दहा मिनिटांत काय दिसलं तर वीतभर तांबडी शेपटी पाण्याबाहेर, कडेला निळी झाक, पंख्यासारखी हळूहळू हलतेय. मासा डोकं खाली घालून चिखलातल्या कुर्ल्या हुसकत होता. मी थांबलो, श्वाससुद्धा तोंडाने. डोक्यावर नाही टाकायचं, त्याच्या पुढे चार-पाच हात आणि पलीकडे टाकायचं आणि हळू ओढत त्याच्या वाटेत आणायचं. पहिला टाक तोकडा पडला, त्याला कळलंच नाही. दुसरा बरोबर. शेपटी खाली गेली, पाण्यात तांबूस सावली वळली आणि मग हाताला एक धक्का. या वेळी गाठ टिकली. दोनदा खारफुटीकडे पळाला, लीडर मुळांना घासून खरखरीत झाला होता, पण आला. २४ इंच. शेपटीच्या बुडाशी एका बाजूला एक काळा ठिपका, दुसऱ्या बाजूला तीन. हातात घेतल्यावर पोटातून ढूम ढूम आवाज करतो, म्हणून याला ड्रम म्हणतात.

तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे नऊ. ती म्हणाली, "ह्यो कसलो रे मासो? घोळीसारखो दिसता." बाई बरोबर बोलली, रेडफिश, ट्राउट, आपली घोळ आणि ढोमा, सगळे एकाच कुळातले.

नियम मात्र नीट पाळा, वॉर्डन (नियम तपासणारे सरकारी अधिकारी) किनाऱ्यावर येऊन मोजतात. रेडफिश २० ते २८ इंचांतलाच ठेवायचा, दिवसाला ३. त्याहून मोठा हवा असेल तर लायसन्सबरोबर येणारा टॅग लावावा लागतो. ट्राउट १५ ते २० इंच, दिवसाला ३, हे २०२४ पासून कडक केलंय आणि मला पटतं, थंडीने एवढे मेल्यावर जरा उसंत द्यायला हवीच. फ्लाउंडर (चपटा मासा) १५ इंचांच्या वर, पण १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर पूर्ण बंद. १७ वर्षं पूर्ण झाली की खाऱ्या पाण्याचं लायसन्स लागतं, ऑनलाइन मिळतं, आणि नेहमीचं वर्षाचं लायसन्स कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतं, म्हणून जुलैत जाणार असाल तर एका दिवसाचं घ्या. नियम दरवर्षी थोडे हलतात, जायच्या आधी सरकारी साइटवर बघा. आणि जंगली रेडफिश विकायला १९८१ पासून टेक्ससमध्ये बंदी आहे, दुकानात दिसतो तो तळ्यातला, तेव्हा खरा खायचा तर गरवूनच.

करायचा कसा, तर खवलं काढू नका. बाजूची फाक काढून खवलांची बाजू खाली ठेवून ग्रिलवर टाका, खवलं ताटलीचं काम करतात आणि मासा मोडत नाही. मी वरून मालवणी मसाला, आगळ आणि लसूण चोळली, २० मिनिटं. डोकं टाकून देतात इथे, आम्ही त्याचं सार केलं. ट्राउटच्या मांसात कधीकधी शेवयांसारखे पांढरे किडे दिसतात, शिजल्यावर त्यांचा काही त्रास नाही, काढून टाका आणि बायकोला सांगू नका.

रील घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पाइपचा जोर लावू नका, खारं पाणी आतच ढकललं जातं. चिखलाचे बूट गाडीच्या डिकीत प्लास्टिकशिवाय ठेवू नका. मेव्हण्याने उरलेली एक चपला माझ्या मागच्या सीटखाली ठेवली होती, मला गुरुवारी सापडली.