पंधराला थांबणारे हात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इंदूरच्या रामबागेत कुठल्याही घरी गेले की कोणीतरी विचारतंच, "सत्तावीस वर्षं झाली ना गं नोकरीला? मग अजून कसले क्लास करतेस, तेही सुटीच्या दिवशी?" यंदा एका मावशींनी वाण देता देता सरळच विचारलं, "म्हणजे तुला अजून काम येत नाही का?"

येतं ना मावशी, आणि तिथेच घोडं अडतं.

१९९८ साली मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन बाहेर पडले. हृदय बंद पडलेल्या माणसाला सीपीआर देतात, तेव्हा तो म्हणजे छातीवर पंधरा दाब आणि दोन श्वास. क्रम एबीसी: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. आमच्या ट्यूटर मॅडमनी ते इतकं घोटून घेतलं होतं की झोपेतून उठवलं तरी हात चालायला लागावेत. २००५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तेच तीस दाबांना दोन श्वास केलं. २०१० मध्ये क्रमच फिरवला, आधी दाब आणि बाकीचं नंतर. २०१५ मध्ये वेग ठरवून दिला, मिनिटाला १०० ते १२० दाब. खोली निदान पाच सेंटिमीटर, पण सहाच्या वर नको.

मला यातलं पहिल्यांदा कळलं २०११ मध्ये, स्वतःच्या पैशांनी केलेल्या एका दिवसाच्या कोर्सला. मधली सहा वर्षं आम्ही पंधराच करत होतो. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही कोणाला विचारलं नाही.

त्या कोर्सला शिकवणारा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, माझ्या भाच्याच्या वयाचा. मी सरावाच्या पुतळ्यासमोर गुडघे टेकून बसले, मोठ्याने मोजायला लागले. तेरा, चौदा, पंधरा... आणि हात थांबले. मी थांबवले नाहीत, ते आपोआप छातीवरून उठून मास्ककडे निघाले. "मॅडम, तीस," तो म्हणाला. पुन्हा सुरू. पुन्हा पंधराला तेच. तिसऱ्यांदा मी रेटून पुढे गेले, तर वेग मंदावला. का ते त्यालाही कळेना. घरी येताना रिक्षात ओठातल्या ओठात मोजून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मी मोजते मराठीत. एक, दोन, तीन पटापट होतात, पण सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस तोंडातून निघेपर्यंत दाबाची वेळ टळून जाते. तेव्हापासून मी एक ते दहा असं तीनदा मोजते. वेग राहतो, आणि मुख्य म्हणजे वाटेत पंधरा येतच नाही.

हात मध्येच का उचलायचा नाही, त्याचं कारणही त्याच दिवशी समजलं. दाब देत राहिलं की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला रक्ताचा दाब हळूहळू चढतो. थांबलं की तो लगेच पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागतो. हे जर १९९८ मध्ये आम्हाला शिकवणाऱ्यांना माहीत असतं, तर आम्हाला पंधरा शिकवलंच नसतं. त्यांना माहीत नव्हतं, एवढंच. ट्यूटर मॅडमवर माझा राग नाही.

आता क्लासचं. इंडियन नर्सिंग कौन्सिलने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांचं शिक्षण ठरवलंय, म्हणजे वर्षाला तीस तास. नियम चांगला आहे. पण मी ज्या ज्या ठिकाणी नोकरी केली तिथे त्याचं काय झालं ते ऐका. नाइट करून आलेल्या बायकांना सकाळी साडेनऊला अंधाऱ्या हॉलमध्ये बसवायचं. पडद्यावर इंग्रजी स्लाइड, समोर अर्ध्या मुली हिंदी माध्यमातून आलेल्या, देवास-खरगोनकडच्या. हात धुण्याचे पाच प्रसंग एकीने वाचून दाखवायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. शेजारी बेसिन असतं, पण तिथे कोणाला नेत नाहीत. मग पोहे-जिलबी, रजिस्टरवर सही, एक ग्रुप फोटो. तपासणीला फाइल तयार. मीही त्या हॉलमध्ये झोपलेय, खोटं कशाला बोलू? आणि हे सगळं साप्ताहिक सुटीच्या दिवशी, बदली सुटी न देता.

मी खऱ्या अर्थाने शिकले ते एका पहाटे. महूकडचे एक आजोबा मेडिसिन वॉर्डात होते. तीन दिवस शुगर तीनशेच्या खाली येईना, म्हणून डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन वीसवरून तीस युनिट केलं. तरी उतरेना. चौथ्या रात्री माझी ड्यूटी. नातवाने बाहेरच्या मेडिकलमधून नवीन सिरिंजा आणल्या होत्या. मी तीस युनिट भरलं, दिलं, सही केली. पहाटे चारला राउंडला गेले तर उशी घामाने ओली, आजोबा हाकेला ओ देईनात. शुगर फार खाली, ४४. पंचवीस टक्के डेक्सट्रोज शिरेतून दिलं, थोड्या वेळाने डोळे उघडून चहा मागितला.

माझी सिरिंज बरोबर, डोसही बरोबर. मग चुकलं कुठे? कचऱ्याच्या डब्यात आदल्या दिवसांच्या सिरिंजा पाहिल्या. त्यांची टोपणं नारिंगी होती, माझीचं लाल. आपल्याकडच्या बहुतेक इन्सुलिनच्या बाटल्या मिलीला ४० युनिटच्या, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपणाची १०० वाल्या इन्सुलिनसाठी. नारिंगी सिरिंजमध्ये तीसच्या रेघेपर्यंत भरलं, तरी ४० च्या बाटलीतून जातात फक्त बारा युनिट. म्हणजे आजोबांना पुरेसं इन्सुलिन कधी मिळतच नव्हतं, डोस मात्र कागदावर वाढत होता, आणि खरा डोस पहिल्यांदा माझ्या हातून गेला. रात्रीच्या मंद दिव्यात लाल आणि नारिंगी यांत काय फरक दिसतो, तुम्हीच एकदा बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरला मी दोन सिरिंजा आणि एक रिकामी बाटली घेऊन उभी राहिले. दहा मिनिटं. पाणी भरून दाखवलं, मग प्रत्येकीला भरायला लावलं. आठजणींपैकी तिघींना फरक माहीत नव्हता, त्यातली एक माझ्याहून सीनियर. तेव्हापासून हे चालू आहे, आठवड्यातून दोनदा, उभ्याउभ्याच. एक वही ठेवलीय. कोणाच्या ड्यूटीत काय अडलं ते तिच्यात लिहायचं, नाव लिहायचं नाही. या दहा मिनिटांचे तास कुठल्या रजिस्टरात धरले जात नाहीत.

पगार वाढतो का, हेही विचारता तुम्ही. नाही वाढत. बीएलएस, म्हणजे त्या सीपीआरच्या कोर्सचं, कार्ड दोन वर्षं चालतं, मग पुन्हा करायचं आणि बहुतेक वेळा आपल्याच खिशातून. पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची डिग्री, दोन वर्षांची. रजा मिळाली नाही, राहून गेलं. त्याचं वाईट वाटतं, पण तो विषय वेगळा.

गेल्या महिन्यात नव्या बॅचच्या मुलीला इंजेक्शन दाखवत होते. दिलं, आणि बोलता बोलता डाव्या हाताने टोपण उचलून सुईवर चढवायला निघाले. आम्ही शिकलो तेव्हा तसंच करायचो, आता सुई बोटाला टोचू नये म्हणून ते करत नाहीत. ती पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, कॅप," आणि वापरलेल्या सुयांचा पांढरा डबा माझ्याकडे सरकवला. मी सुई टाकली. संध्याकाळी वहीत लिहायला बसले, आणि नाव न लिहिण्याचा नियम त्या दिवशी मीच मोडला.