रोजच्या कामाला कडक निबचं पेन

दिवसभर रजिस्टर, अर्ज आणि सह्या असतील तर लवचिक निब नकोच. घाईत दाब पडला की तिचे दोन्ही दात (टोकाचे चिरलेले दोन भाग) फाकतात, शाई जास्त सुटते आणि जोडाक्षरं बुजतात. स्टीलची कडक निब घ्या. सोन्याच्या निबसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

ऑफिसातला ७०-७५ जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद शाई पितो, म्हणून टोक बारीक हवं. जपानी 'एफ' (फाइन, म्हणजे बारीक) निब सहसा युरोपियन 'एफ'पेक्षा बारीक असते. त्यामुळे पायलट किंवा प्लॅटिनम या जपानी कंपन्यांची 'एफ' चालेल, जर्मन लॅमी सफारी मात्र 'ईएफ'च (एक्स्ट्रा फाइन, अतिबारीक) घ्यावी.

दुकानात शाई भरून, अजिबात दाब न देता 'क्ष' आणि 'ळ' लिहून बघा. एकाच दिशेने खरखरत असेल तर दात वरखाली आहेत. दहापट भिंगातून ते स्पष्ट दिसतं. प्रत्येक अक्षराची पहिलीच रेघ सुटत असेल, तर दातांमधल्या चिरेच्या आतल्या कडा जास्त घासल्या गेल्यात. असं पेन सरळ परत करा, दाब देऊन ते सुधारत नाही.

टोपण घट्ट बसतं का, तेही पाहा. प्लॅटिनम प्रेपी स्वस्त असूनही तिच्या टोपणात स्प्रिंगचं आतलं झाकण आहे, त्यामुळे शाई लवकर वाळत नाही. चित्रकलेची इंडिया इंक मात्र कधीही भरू नका. तिच्यातल्या लाखेने फीड (निबखालचा शाई पुरवणारा भाग) कायमचं तुंबतं.