पिवळा टिथोनिया: काडीपासून कळीपर्यंतची नोंद

ही नोंद झुडूपवर्गी पिवळ्या टिथोनियाची, म्हणजे टिथोनिया डायव्हर्सिफोलियाची. नारिंगी फुलांची दुसरी जात, टिथोनिया रोटुंडिफोलिया, हंगामी आहे, तो बियांपासूनच करावा. पिवळा बहुवर्षायू, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. २ ते ३ मीटर सहज वाढतो आणि काडीवर चांगला लागतो. मात्र काडी कुठल्या भागाची घेतली, यावर सगळं ठरतं. म्हणून या खेपेला १२ काड्या तीन प्रकारांत विभागून लावल्या.

दिवस ०. शेंड्याकडच्या हिरव्या ४, मधल्या ४, बुडाकडच्या तपकिरी साल धरलेल्या ४. लांबी २५ सेंमी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा डोळ्याच्या २ सेंमी वर. सगळी पानं काढली. जाडी वाळू २ भाग, कोकोपीट १ भाग. खत अजिबात नाही. दोन डोळे आत, बाकीचे वर.

कापाकडे नीट बघा. मधोमध पांढरं, स्पंजासारखं भेंड असतं. हिरव्या काडीत भेंडच फार, लाकडाचं कडं जेमतेम. वरचा काप उघडा राहिला की पाणी भेंडात मुरतं आणि काडी आतून सडते. बाहेरून साल मात्र हिरवीगार दिसत राहते. त्यामुळे वरच्या कापावर मेणबत्तीचं मेण लावलं. काड्या तोडल्या दिवशीच लावाव्यात, सुकू देऊ नयेत.

दिवस १२. मधल्या आणि बुडाकडच्या काड्यांचे डोळे फुटले. हिरव्यांपैकी ३ बुडाशी काळ्या पडून मऊ झाल्या. त्या लगेच उपटून टाकल्या.

बहुतेक काड्या याच टप्प्यावर हातच्या जातात. पालवी दिसली की मुळं धरली असं वाटतं, पण ही पानं काडीतल्या साठ्यावर निघालेली असतात. या वेळी उन्हात ठेवलं किंवा जास्त पाणी घातलं की दोन दिवसांत माना पडतात. काड्या सावलीतच ठेवाव्यात, माती फक्त ओलसर. आणि काडी हलवून बघायचा मोह आवरा, कोवळी मुळं तिथेच तुटतात.

दिवस ३०. मुळं धरल्याची खूण पानांवरच कळते: प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा मोठं येतं, त्याला खाचा पडू लागतात आणि भर दुपारी ते ताठ राहतं. बुडाकडच्या चारही लागल्या, मधल्या ३, हिरवी एकही नाही. ३० सेंमीच्या कुंडीत हलवल्या: माती २ भाग, कंपोस्ट १, वाळू १. आठवडाभर सकाळचंच ऊन, मग दिवसभराचं.

दिवस ५५. उंची गुडघ्याएवढी होताच शेंडे खुडले. न खुडल्यास एकच सोट वर जातो आणि वाऱ्यात मोडतो. नत्राचा मारा करू नये. पानं ढालीएवढी होतात, फुलं मागे राहतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा होता, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गेला.

शेवटची खुडणी कधी करायची, हे महत्त्वाचं. दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरतात, त्याआधी नव्या फुटव्यांना वाढायला अडीच-तीन महिने मोकळे हवेत. उशिरा छाटलेलं झुडूप दाट दिसतं, पण बहर हुकतो.

दिवस १४०. पहिल्या कळ्या. फुलाखालचा देठ वर जाताना जाड होतो आणि आतून पोकळ असतो. तिथे जरा दाब पडला तरी मुरगळतो. फूलदाणीसाठी खालून, लांब देठ ठेवून कापावं, मानेला धरू नये. एरवी हे फूल खरंच देखणं आहे: भोवती पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या वांझ किरण-पुष्पकांचं पिवळं कडं, मधल्या चकतीत फलधारणा करणारी बारीक बिंब-पुष्पकं, जवळ गेलं की मधाचा वास.

फुलं वाळायच्या आत बोंडं काढून टाका. बी हलकं असतं आणि सहज रुजतं. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियात अनेक ठिकाणी हा टिथोनिया मोकाट पसरला आहे. छाटलेल्या जून काड्याही ओल्या मातीवर टाकू नयेत, पडल्या जागी रुजतात.

पाला मात्र वाया घालवू नका. सुक्या पाल्यात सुमारे ३.५ टक्के नत्र आणि ४ टक्क्यांच्या आसपास पालाश असतं, आणि तो लवकर कुजतो. फुलण्यापूर्वी कोवळा पाला कापून मातीत मिसळावा, पेरणी दोन-तीन आठवड्यांनी करावी. ताज्या पाल्यातल्या रसाने कोवळी रोपं आणि रुजणारं बी दबतं.